पाहुण्याची जुडी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दसऱ्याला मी जुन्नर तालुक्यातल्या एका सेंद्रिय शेतावर कामाला गेले आणि शिमग्याला घरी परतले. कामाला म्हणजे कामालाच, बरं का. हुरडा खायला नव्हे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली होती आणि गुडघे अजून शाबूत होते. घरचे म्हणाले, आठ दिवसांत येशील. आठव्या दिवशी खरंच यावंसं वाटत होतं, पण मग हसं झालं असतं, म्हणून राहिले.

शेत दीड एकराचं, म्हणजे साठ गुंठे. तिन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये हा हिरवा चौकोन. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो. मालकांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांची बायको म्हणजे वहिनी. रोजानं चार बायका यायच्या. त्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी माझ्या गुरू झाल्या. त्यांनी कधी शिकवलं असं नाही. माझं काम बघून नुसत्या हसायच्या.

पहिल्या दिवशी मला मेथीचा वाफा दिला. खुरपं हातात, उकिडवं बसायचं आणि गवत काढायचं. मी तासभरात चांगली चार हात जागा साफ केली आणि वळून बघितलं, तर मावशी माझ्यामागून येत होत्या. उपटलेल्या ढिगातून एक काडी त्यांनी उचलली, चुरडली आणि माझ्या नाकाशी धरली. मेथी! वाफ्यात मी जपून ठेवली होती ती रानमेथी. तीच तीन पानं, तोच पोपटी रंग. पण चुरडली की मेथीचा वास लपत नाही. त्या दिवसापासून शंका आली की आधी वास घ्यायचा, हे ठरून गेलं.

शहरात सेंद्रिय भाजीबद्दल आपण बोलतो ते 'फवारत नाहीत' एवढंच. मीही तेवढंच समजून गेले होते. आता गंमत अशी, की बँकेतली बाई म्हणून तात्यांनी हिशेबाची वही माझ्याकडं दिली. औषधाच्या रकान्यात काय? गूळ, बेसन, निंबोळ्या, चिकट सापळ्यांचे पिवळे कागद. रकाना अर्ध्या पानात संपायचा. खुरपणीचा रकाना मात्र पान उलटून पुढं जायचा. बायकांची हजेरी तीनशे रुपये. मेथीला एक खुरपणी, गाजराला दोन, टोमॅटोला तीन. आणि लव्हाळा असेल तिथं मोजायचंच नाही, कारण लव्हाळा वरून कापला की खालच्या गाठीतून चौथ्या दिवशी हजर. तण मारायचं औषध वापरायचं नाही असं एकदा ठरलं, की त्याची जागा घेतं ते खुरपं, आणि खुरप्यामागं कुणाची तरी कंबर असते. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते मुख्यतः त्या कंबरेचे. निदान त्या वहीवरून तरी मला असंच दिसलं.

गूळ-बेसनाचं सांगते. दोनशे लिटर पाण्याचं निळं पिंप, त्यात दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं. दोन दिवसांनी जीवामृत तयार, एका एकराला पुरेल एवढं. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ही कृती गावोगाव पोचवली. 2016 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. आता पाळेकरांना 'सेंद्रिय शेती' हा शब्दच मंजूर नाही, कंपोस्टही नाही. आणि तात्यांच्या बांधाला कंपोस्टचा ढीग होताच. पालापाचोळा, शेण, माती यांचे थर आणि अधूनमधून उलथापालथ. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात इंदूरला बसून ज्या पद्धतीची घडी घातली, तिच्याच वंशातला तो ढीग. मी हा विरोधाभास तात्यांना दाखवला, तर म्हणाले, "ताई, जमिनीला दोन्ही चालतंय. भांडण माणसांचं हाय."

या जीवामृतानंच माझी फजिती केली. टोमॅटोला ठिबक होतं. जीवामृत ठिबकमधून सोडायचं तर दुहेरी फडक्यानं गाळावं लागतं. मी घाईत एकाच फडक्यानं गाळलं. बेसनाचा साका नळीत बसला आणि दोन सऱ्यांचे ड्रिपर तुंबले. नळीची टोकं उघडून, एकेक ड्रिपर टिचकीनं ठोकत मी दोन दिवस काढले. कुणी बोललं नाही. फक्त वहिनींनी जेवताना विचारलं, "पिठल्याला बेसन उरलंय का, का सगळं नळीतच गेलं?"

वांग्याचं काम मला सगळ्यात आवडलं. सकाळी उन्हं वर यायच्या आत सऱ्यांमधून फिरायचं आणि मान टाकलेला शेंडा शोधायचा. सगळं झाड ताठ आणि एकच शेंडा लोंबतोय, म्हणजे आत शेंडा पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या खाली दोन बोटं मोडायचं. मोडून उभं चिरलं तर पोकळ दांड्यात गुलाबीसर अळी, मागं तिच्या विष्ठेचा भुसा. शेंडा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा. हीच अळी पुढं फळात शिरते, आणि आपण वांगं चिरून "ई!" करतो ती हीच. पतंग पकडायला कामगंध सापळे होते, निंबोळी अर्कही मारायचो, तरी रोजचं हे फिरणं चुकत नसे. एकदा पाहुणे आले म्हणून चार दिवस चुकलं, तर पुढच्या तोड्यात किडकी वांगी क्रेटभर निघाली. ती शेजारच्या गोठ्यात गेली.

पालेभाज्यांना पाटानं पाणी. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. आणि जुन्नर म्हणजे बिबट्यांचा मुलूख. उसात त्यांची वस्ती. माणिकडोहला त्यांच्यासाठी खास निवारा केंद्रच आहे. रात्री दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, एकट्यानं जायचं नाही, आणि जाताना मोठ्यानं रेडिओ लावायचा, म्हणजे बिबट्याला माणूस आल्याचं कळतं आणि तो आपली वाट बदलतो. श्रोतेहो, रेडिओचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता! आणि तिथून जवळच खोडदची महादुर्बीण आहे; पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या. त्यातली एक आमच्या बांधावरून दिसायची. ती आकाशातल्या रेडिओलहरी ऐकत उभी, आणि इकडं तात्यांच्या खिशात जुनी नाट्यगीतं. मी बॅटरी धरून मधेच. थंडी अशी, की पाण्यातून पाय काढला की जास्त वाजायची.

डिसेंबरात एक वाईट झालं. एका सकाळी टोमॅटोची बांधाकडची झाडं विचित्र दिसली. शेंड्याची पानं दोरीसारखी पिळवटलेली. मला रोग वाटला. तात्या बघून गप्प झाले. शेजारच्या उसात आदल्या दिवशी टू-फोर-डी मारलं होतं, रुंद पानांचं तण जाळणारं. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून त्याला काही होत नाही. टोमॅटोला मात्र वाऱ्यावरचा शिंतोडाही बाधतो. दोन ओळी गेल्या. मला भांडायला जावंसं वाटत होतं. तात्या गेले, चहा पिऊन आले. शेजारी म्हणाला होता, "खुरपायला बायका मिळत न्हाईत, मी काय करू?" ते खोटं नव्हतं. आमच्याकडं येणाऱ्या चारजणींपैकी दोघी त्याच्याच भावकीतल्या होत्या. तात्यांनी बांधावर शेवरी दाट लावली आणि कडेच्या ओळींचा माल तिथून पुढं साधा माल म्हणून गावच्या बाजारात विकला. मला हे त्यांचं सगळ्यात जास्त पटलं, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणजे अगदीच कुणी नव्हतं असं नाही. त्यांचा प्रमाणपत्राचा गट होता. पीजीएस म्हणतात त्याला: किमान पाच शेतकरी एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. जानेवारीत मंडळी आली. पीक बघितलं, वही बघितली आणि मग एकजण सहज म्हणून पंपाच्या खोलीमागं गेला. फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या तिथंच टाकतात ना! शेतकऱ्याला शेतकरीच पकडणार.

मावशींना मी एकदा विचारलं, तुम्ही घरी कुठली भाजी खाता? त्यांनी ओटी उघडून दाखवली. घोळ, तांदुळजा, चाकवत. दिवसभर आम्ही तण म्हणून काढलेलं. "ह्यावर कुणी फवारतंय का?" म्हणाल्या. त्या रात्री वहिनींनी घोळीची डाळ घालून भाजी केली, आणि खुरपताना मी किती किलो भाजी बांधावर फेकली याचा हिशेब मनात लागला तो लागलाच.

शनिवारी पुण्याला गाडी जायची, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर मेथी उपटायची आणि जुड्या बांधायच्या. मावशींच्या मुठीत येईल ती जुडी. मोजमाप नाही, तरी सगळ्या एकसारख्या. माझ्या जुड्या फुगलेल्या असत. वहिनी म्हणायच्या, "ही पाहुण्याची जुडी. अशी बांधली तर मेथी आपण वाटायला लावलीय म्हणावं." पाच महिने मी मूठ आवळत होते.

शेवटच्या शुक्रवारी मावशींच्या शेजारी बसून मी साठ जुड्या बांधल्या. क्रेट भरला तेव्हा वहिनींनी दोघींची एकेक जुडी उचलली आणि काट्यावर ठेवली. माझी चाळीस ग्रॅम जास्त भरली. मावशी नुसत्या हसल्या, माझी जुडी सोडली, चार काड्या काढून ओटीत टाकल्या आणि पुन्हा बांधली.