मागचे चार स्क्रू

(नाशिकमधल्या एका वाचक मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे. कॉम्प्युटर तयार घ्यावा, की सुटे भाग आणून जुळवावा? जूनमध्ये कॉलेजं उघडतील आणि इथल्या निम्म्या घरांत हा वाद रंगेल. मुलगा म्हणणार, असेंबल करू. बाबा म्हणणार, कंपनीचाच घेऊ. आणि आई विचारणार, बंद पडला तर येणार कोण? तिघांत मुद्द्याचं बोलते ती आई. (टाळ्या) या टाळ्या कोणत्या बाजूने आल्या ते मला इथून दिसतंय.

मी सातपूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये नोकरी केली. तिथे एक गोष्ट अंगात भिनली. छोट्या मोटरीचं बेअरिंग गेलं, की त्याच्यावरचा नंबर वाचायचा. 6203 असेल तर आतला व्यास 17 मिलिमीटर, बाहेरचा 40, जाडी 12. कोणत्याही कंपनीचं आणा, बसतं. मोटर बनवणारी कंपनी आज आहे की बुडाली, याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही. कॉम्प्युटरकडेही मी याच नजरेने बघतो. तो कोणी जुळवला हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, आतला माल नंबराचा आहे का? एखादा भाग मेला तर महात्मा गांधी रोडवरच्या कोणत्याही दुकानातून आणून तो बसवता येईल का? आज मला एवढंच सांगायचं आहे.

ही सोय आपल्याला मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. आयबीएमने 12 ऑगस्ट 1981 रोजी पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, मॉडेल 5150. काम लवकर उरकायचं होतं म्हणून बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, इंटेलचा 8088, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून. शिवाय इतरांना त्याच्यासाठी कार्डं बनवता यावीत म्हणून सर्किटचे नकाशे आणि बायोसचा, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांत आधी चालणारा, प्रोग्रामसुद्धा मॅन्युअलमध्ये छापून टाकला. बायोसवर कॉपीराइट होता, म्हणून कॉम्पॅक कंपनीने मूळ प्रोग्राम न पाहिलेल्या माणसांकडून तेच काम करणारा नवा प्रोग्राम लिहून घेतला. 1983 मध्ये त्यांचं मशीन विकायला आलं आणि मागोमाग इतरांनाही वाट मोकळी झाली. आपल्याकडे ज्याला असेंबल्ड म्हणतात, त्याचा जन्म तिथला.

पुढे 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. तो पूर्ण आकाराचा 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स 244 बाय 244. भोकं कुठे पाडायची तेही ठरलेलं. वीज पुरवणारा डबा, म्हणजे आपला एसएमपीएस, 150 मिलिमीटर रुंद, 86 उंच, आणि कॅबिनेटच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, मागे चार स्क्रूंनी आवळलेला. आज दुकानात जा, तेच माप, तेच चार स्क्रू. इतकी वर्षं टिकलेलं असं माप या धंद्यात फार थोड्या गोष्टींना लाभलं. मला त्याचं फार अप्रूप आहे. आमच्या पिढीतले कितीतरी जण पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने दादरला, तिथून लोकलने ग्रँट रोडला जायचे आणि लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांच्या बाजारातून मदरबोर्ड पिशवीत घालून आणायचे. घरी आल्यावर तो बसेल की नाही ही धाकधूक कोणालाच नसायची.

आता माझी तक्रार. अध्यक्ष महाराज, इथे थोडा वेळ जाईल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रविवार कारंजाजवळ माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याने एका मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला होता. दिसायला देखणा, आवाज नाही, टेबलावर जागा कमी खाणारा. वॉरंटी होती तोवर काहीही झालं नाही. ती संपल्यावर, ऐन लग्नसराईत, संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वीज कडाडली, लाइट गेली, आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर मशीन ढिम्म. दादाच्या टेबलावर लग्नपत्रिकांची चळत, पैकी दोन पत्रिका त्याच दिवशी छापायला जायच्या होत्या. मुलीचे वडील दुकानात बसून होते. चहा आला, तो तसाच गार झाला.

मी गेलो, उघडलं, मीटर लावला. फक्त एसएमपीएस गेला होता. म्हटलं, दादा, गांधी रोडवरून नवा आणतो, तासाभराचं काम. मग तो डबा बाहेर काढला आणि माझं डोकंच फिरलं. चपटा, लांबुडका, मागे चार स्क्रूंचा पत्ता नाही. नेहमीचा 24 पिनांचा कनेक्टर असतो, तिथे 6 पिनांचा. डिस्कला वीज जाते तीही मदरबोर्डमधून, त्याच कंपनीच्या वायरीने. मदरबोर्डचा आकार वेगळा, म्हणजे तो उचलून दुसऱ्या कॅबिनेटमध्येही बसेना. पुढच्या बटणाची वायरसुद्धा त्यांचीच! प्रोसेसर ठणठणीत, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी ठणठणीत, डिस्क ठणठणीत, आणि सगळे मिळून एका डब्यासाठी अडकलेले.

कंपनीला फोन लावला. हिंदीतून एक दाबा, मराठीतून तीन दाबा, सगळं दाबलं. (हशा) शेवटी एका मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, की सर, या मॉडेलचा हा भाग आता बनत नाही, तुम्ही नवीन मशीन पाहा, त्यावर सवलत आहे. त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यापुढच्या पडद्यावर जे होतं ते तिने वाचलं. राग आहे तो कागदावर हा डबा मुद्दाम वेगळा काढणाऱ्यांवर. काही कारणं खरी असतील, मी मान्य करतो. नुसता 12 व्होल्टचा पुरवठा असला की वीज थोडी वाचते, डबा लहान होतो. पण मग तो भाग दहा वर्षं विकायची जबाबदारीही घ्या! 24 चे 6 पिन करणाऱ्या वायरी ऑनलाइन मिळतात, तेही मला माहीत आहे. त्या यायला आठवडा लागतो आणि मुहूर्त आठवडाभर थांबत नाही.

डिस्क काढली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या असेंबल्ड मशीनला लावली, दादाने तिथेच बसून पत्रिका पुऱ्या केल्या. मुलीचे वडील पेन ड्राइव्ह घेऊन गेले. चांगल्या प्रोसेसरचं ते मशीन मात्र आजही दादाच्या माळ्यावर पडून आहे.

जुळवून देणाऱ्यांचीही बाजू घेत नाही बरं का. तीन हजारांच्या कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस, वर मोठ्या अक्षरात 450 वॉट लिहिलेला, हातात घेतला तर रिकामा वाटतो. तसला डबा जाताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. भद्रकाली, जुनं नाशिक, कोणत्याही जुन्या वाड्यात राहत असाल तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. हात लावल्यावर कॅबिनेट झिणझिणत असेल तर त्यात ‘थोडंसं येतंच’ असं काही नसतं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. बरं, म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं ते आता भराभर.

कार्यालय असेल, दहा-पंधरा मशीन लागत असतील, दुरुस्तीला हाताशी माणूस नसेल, तर तयार घ्या. जागेवर येऊन दुरुस्तीची तीन वर्षांची वॉरंटी पैसे भरून घ्या. दुकानात नेऊन द्यायची वॉरंटी आणि जागेवरची वॉरंटी यांत फरक असतो, कागद वाचा. शिवाय सध्या एक वेगळीच अडचण आहे. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांकडे आधी करार केलेला माल असतो, म्हणून सुट्या भागांची बेरीज कधी तयार मशीनच्या वर जाते. दोन्हींचं कोटेशन एकाच दिवशी घ्या.

मुलाला व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, गेम, असं काही करायचं असेल, पुढे भर घालायची असेल, तर जुळवलेला घ्या. एएमडी ही इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी कंपनी. तिचा एएम4 सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, 2016 मध्ये आला. 2017 चे कितीतरी मदरबोर्ड नुसता बायोस अपडेट करून तिचा 2020 चा रायझन 5000 प्रोसेसर चालवतात. जुळवायची भीती बाळगू नका, सवडीने केलं तर एका दुपारचं काम आहे. मदरबोर्डखालचे पितळी खुंट आधी लावा, ते विसरले की बोर्ड पत्र्याला टेकतो. स्वतः नको असेल तर चांगल्या दुकानदाराकडून जुळवून घ्या. बहुतेकांसाठी मला हाच मार्ग पसंत आहे.

तयार मशीन घेताना दुकानातच झाकण उघडायला सांगा. एसएमपीएसच्या मागे चार स्क्रू आहेत का? 24 पिनांचा कनेक्टर आहे का? रॅमची एकच पट्टी आहे का, दुसरी जागा मोकळी आहे का? एका पट्टीवर मेमरीचा वेग निम्मा राहतो, पट्ट्या दोन हव्यात. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाला, मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, त्यावरचं कार्ड घालायचं तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, ती आहे का बघा. तयार मशीनसोबतचं विंडोजचं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. जुळवलेल्यात ते वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा.

आणि जुळवून घेताना ‘एक नग कॉम्प्युटर’ असं बिल घेऊ नका. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, सिरियल नंबरसह, जीएसटी लावून. प्रोसेसरची वॉरंटी साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसची पाच, सात, कधी दहासुद्धा. ती मिळवायची तर हा कागद लागतो. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे, आधी तुम्ही.