खड्ड्यात कोण आहे?

(सकाळ. पायवाटेवर मुलांची रांग.)

वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी. मुलं पाचवीतली. "पुढं पळायचं नाही," हे ताईंनी पायथ्याशी तीनदा सांगितलंय. हे चौथ्यांदा.

(अगदी जवळून: मातीतला खड्डा.)

इथं मात्र सगळे आपोआप थांबले. भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा, रुपयाएवढ्या तोंडाचा खड्डा.

"पावसाच्या थेंबानं झाला असेल."

"फेब्रुवारीत कुठला पाऊस?"

ताई उत्तर देत नाहीत, गवताची काडी देतात. कडेची माती हळूच आत ढकलली आणि तळातून मातीचा फवारा उडाला. आत मुंगीसिंहाची अळी आहे. ती मागं मागं सरकत, गोल फिरत हा खड्डा खणते आणि तळाशी जबडे तेवढे उघडे ठेवून दबा धरते. मुंगी कडेवरून घसरली की खालून डोक्यानं माती उडवते. मुंगी आणखी खाली. उतारच असा की माती जेमतेम टिकावी.

हा उतार किती अंशांचा? कंपासपेट्या उघडल्या. एकाचं उत्तर ३५, दुसऱ्याचं ५०. भांडण आम्ही कॅमेऱ्यात अख्खं टिपलंय, इथं थोडंच ठेवलंय.

(सालईचं खोड.)

सालईची साल कागदासारखी सुटते. डिंक बोटाला लावून एकीनं हुंगला. "देवघराचा वास!" बरोबर. याचा धूप होतो.

(गुलाबी फुलोरा.)

हे गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळ मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं. मुलांनी सुतळीचा एक चौकोन याच्याखाली टाकला, एक मोकळ्या गवतात. आत जे जे दिसेल ते वहीत लिहायचं. गवतातल्या चौकोनाला वहीचं पान पुरलं नाही. गिरिपुष्पाखाली चार ओळींत काम आटोपलं. दिसायला सुंदर, हे मान्य.

(जुनी खाण. काळा कडा.)

हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता याच टेकडीवरचा. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर त्याविरोधात मोर्चात चालले.

(डबे. मग बसची खिडकी.)

३५ की ५०, ते बसमध्ये चढेपर्यंत ठरलेलं नाही.