व्हर्सायचा तह आणि मोडलेला शब्द

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह अन्याय्य होता, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याचा पुरावा म्हणून नुकसानभरपाईचा अवाढव्य आकडा आणि जर्मनीने गमावलेला मुलूख पुढे केला जातो. अन्याय झाला हे मलाही मान्य आहे. मात्र तो या दोन गोष्टींत शोधू लागलो, तर जर्मनीची बाजू फारशी टिकत नाही.

१८७१ साली फ्रान्सचा पराभव केल्यावर याच जर्मनीने पाच अब्ज फ्रँक वसूल केले, आल्सेस आणि लोरेनचा मोठा भाग घेतला आणि पैसे फिटेपर्यंत आपले सैन्य फ्रान्सच्या भूमीवर ठेवले होते. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथे रशियाला पोलंड, बाल्टिक प्रदेश, फिनलंड आणि युक्रेन यांवर पाणी सोडायला लावणारे राष्ट्रही जर्मनीच होते. पश्चिमेकडील युद्ध मुख्यतः फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर लढले गेले, आणि उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणी जर्मन सैन्याने पाण्याने भरून निकामी केल्या. असे नुकसान सोसलेल्या फ्रान्सने भरपाई मागितली, तर त्यात वावगे काय? भरपाईचा १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा मे १९२१ मध्ये ठरला खरा, परंतु त्यातील ८२ अब्जांचे रोखे मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या मतदारांच्या समाधानासाठी होते. ते कधी वसूल होतील, असे जाणकारांना तेव्हाही वाटत नव्हते.

मग अन्याय कोठे झाला? त्यासाठी तहाच्या आधीचा एक कागद पाहावा लागतो. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनीने शस्त्रसंधीची विनंती केली, ती अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जाहीर केलेल्या चौदा मुद्द्यांच्या आधारावर. ५ नोव्हेंबर रोजी अमेरिकेने कळवले की, मित्रराष्ट्रांना हा आधार दोन अटींवर मान्य आहे. एक अट समुद्रावरील संचारस्वातंत्र्याविषयी होती. दुसरी अशी की, जर्मनीच्या आक्रमणामुळे मित्रराष्ट्रांच्या नागरिकांची आणि त्यांच्या मालमत्तेची जी हानी झाली, ती जर्मनीने भरून द्यावी. या लेखी शब्दावर ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या, जर्मन सैन्य मागे हटले आणि आरमाराची मुख्य जहाजे ब्रिटिशांच्या पहाऱ्यात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो या नाविक तळावर गेली. युद्ध पुन्हा सुरू करण्याची ताकद एकदा हातातून गेल्यावर शब्दाचा अर्थ पातळ होऊ लागला. नागरिकांच्या हानीत सैनिकांची निवृत्तिवेतने आणि त्यांच्या कुटुंबांना मिळणारे भत्तेही घालण्यात आले. आघाडीवर जखमी झालेला सैनिक घरी परतला की तो नागरिकच होतो, हा त्यामागचा युक्तिवाद दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी जनरल स्मट्स यांचा. वकिली म्हणून तो चतुर आहे, पण ५ नोव्हेंबरच्या शब्दांत तो कोणत्याही प्रामाणिक वाचकाला सापडणार नाही.

प्रत्येक लोकसमूहाने आपले राज्य स्वतः ठरवावे, या विल्सन यांच्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचीही तीच गत झाली. ते पोलंडला लागू पडले, चेकोस्लोव्हाकियाला लागू पडले. मात्र ऑस्ट्रियातील जर्मन भाषकांच्या हंगामी राष्ट्रसभेने नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला असतानाही, राष्ट्रसंघाच्या संमतीशिवाय असे होता कामा नये, असे तहाच्या ८०व्या कलमाने बजावले.

७ मे १९१९ रोजी व्हर्सायच्या ट्रियानों पॅलेस हॉटेलात तहाचा मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हाती देण्यात आला. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी उभे राहून भाषण केले. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री ब्रोकडोर्फ-रांत्साऊ यांनी बसूनच उत्तर दिले, आणि युद्धाचा सारा दोष एकट्या जर्मनीचा असे आपल्या तोंडून वदवणे म्हणजे खोटे बोलणे ठरेल, असे सांगितले. त्यांचे ते बसून राहणे समोरच्यांना फार झोंबले. खरे तर झोंबण्यासारखी गोष्ट दुसरीच होती : महिनोन्‌महिने चाललेल्या परिषदेत जर्मनीला एकदाही बोलावलेले नव्हते, आणि आता लेखी हरकतींसाठी अवघे पंधरा दिवस मिळाले होते. तरीही त्या हरकती फुकट गेल्या नाहीत. वरचा सायलेशिया थेट पोलंडला देण्याचे ठरले होते. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आग्रहामुळे तेथे सार्वमत घेण्याचे मान्य झाले, आणि १९२१ मध्ये ते झाले. जित पक्षाचे ऐकून घेतले असते, तर आणखी काय सुधारता आले असते, याची कल्पना या एका बदलावरून येते.

जाता जाता एक सांगतो. या तहावर भारताच्या वतीनेही सह्या झाल्या, ब्रिटिश सरकारातील भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेल्या लोकमान्य टिळकांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा, त्यांनाच दाराबाहेर ठेवण्याची खोड केवळ शत्रूपुरती नव्हती.

जूनमध्ये निर्वाणीचा इशारा आला : सही करा, नाहीतर सैन्य आत घुसेल. अन्नाची नाकेबंदीही तोवर पूर्णपणे उठलेली नव्हती. जर्मनीचे सरकारप्रमुख शाइडेमान यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. लष्करी प्रतिकारातून यश मिळण्याची आशा नाही, हे खुद्द सरसेनापती हिंडेनबर्ग यांच्याकडून सरकारला कळले होते. वायमार येथील राष्ट्रसभेने २३७ विरुद्ध १३८ मतांनी संमती दिली, आणि २८ जूनला नव्या सरकारातील मंत्री हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल यांनी सह्या केल्या. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये सैन्य घुसवण्याचा निर्णय यांचा नव्हता. सम्राट विल्हेल्म हॉलंडमध्ये आश्रयाला होते, आणि सेनापती पडद्याआड गेले होते. लादलेल्या तहाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, याचा विचार पॅरिसमध्ये फारसा कोणी केला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिंडेनबर्ग यांनी चौकशी समितीपुढे सांगितले की, जर्मन सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला, म्हणजे घरच्यांनीच दगा दिला. शस्त्रसंधीवर सही करणारे आणि तह स्वीकारावा असे सांगणारे मात्थियास एर्त्सबर्गर यांचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. आणि १९२५ मध्ये जर्मन मतदारांनी हिंडेनबर्ग यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिले.