पहिल्या तासाआधीची तालीम

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण पीएच.डी. करताहेत. काही जण पुढच्या वर्षी अमेरिकेला निघालेत. जवळपास सगळ्यांनाच लवकर एखाद्या प्रयोगशाळेत किंवा ट्युटोरियलच्या वर्गात टीए म्हणून, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचा टीचिंग असिस्टंट म्हणून, उभं राहायचं आहे. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात टीएंसाठी कार्यशाळा घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या कार्यशाळेत टीए दिवसभर नुसता ऐकत बसतो, तिचा वर्गात उपयोग होत नाही. त्याला तिथे शिकवायला लावलं पाहिजे, चुकू दिलं पाहिजे आणि त्याच दिवशी पुन्हा शिकवायला लावलं पाहिजे.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. बी.एड. केलेल्या कुणालाही सूक्ष्म अध्यापन विचारा. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केलं, आणि आपल्याकडे त्याचं ३६ मिनिटांचं चक्र रुळलं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं निरीक्षकांचं ऐकायचं, १२ मिनिटांत पाठ नव्याने आखायचा, ६ मिनिटं परत शिकवायचं आणि शेवटची ६ मिनिटं पुन्हा ऐकायचं. म्हणजे आठवीला भूगोल शिकवू पाहणाऱ्याने पाठ टाचण काढायचं, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकासमोर शिकवून दाखवायचं. आणि एम.एस्सी.ला शिकवू पाहणाऱ्याने? त्याने नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास व्हायचं. त्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण ते पर्याय निवडण्याचे. त्याला फळ्यासमोर उभं राहिलेलं कुणी पाहत नाही. टीएला तर तेवढीही परीक्षा नाही. काल विद्यार्थी होता, आज हातात जर्नलांचा गठ्ठा येतो. पहिल्या वर्षाच्या मुलाचा सगळ्यात जवळचा संबंध येतो तो याच टीएशी. प्राध्यापक दोनशे मुलांसमोर बोलून जातात. मुलगा अडतो तेव्हा शेजारी टीए असतो. म्हणून हे मला अतिशय गंभीर वाटतं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढलं, आणि पुढे बहुतेक मोठ्या विद्यापीठांत अशी केंद्रं झाली. ऑगस्टमध्ये सेमिस्टरआधी टीएंना बोलावलं जातं. सकाळ नियमांत जाते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त काम करता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याच्या १९७४च्या कायद्यामुळे एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याला सांगता येत नाहीत. सहसा त्याच्या परवानगीशिवाय पालकांनाही नाही. आपल्याकडे गुणांची यादी नोटीस बोर्डावर पाहत वाढलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं. हे सगळं आवश्यक आहे, पण ते छापील कागदावर देता येतं. खरी कार्यशाळा दुपारी सुरू होते.

रसायनशास्त्राच्या टीएंसाठीचा एक सराव सविस्तर सांगतो. तो टायट्रेशनचा, म्हणजे आम्लात मोजून अल्कली सोडत त्याचं प्रमाण काढण्याचा. टेबलावर ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मापाची नळी, खाली फ्लास्क, त्यात आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कली पुरेसं झालं की गुलाबी होणारा दर्शक. एक टीए विद्यार्थी होतो, दुसरा टीए म्हणूनच उभा राहतो, बाकीचे बघतात. विद्यार्थ्याने भराभर अल्कली सोडलं आहे आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला आहे. खरं तर रंग इतका फिका हवा की पांढऱ्या कागदावर धरून बघावा लागेल. विद्यार्थी विचारतो, ‘सर, बरोबर आहे का?’ आता टीए काय करतो ते बघा. बहुतेक जण म्हणतात, ‘नाही, जास्त झालं, पुन्हा कर.’ काही जण थेट ब्युरेटची तोटी हातात घेतात आणि थेंब थेंब कसं सोडायचं ते सुंदर करून दाखवतात. ते रीडिंग अचूक येतं, पण ते टीएचं असतं. मुलाने शिकलं काय, तर अडलं की सर येऊन करून देतात.

मग आम्ही नियम घालतो. ब्युरेटला हात लावायचा नाही, आणि पहिल्या दोन वाक्यांत ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं नाही. तोच प्रसंग पुन्हा. यावेळी टीएला विचारावंच लागतं: ‘रंग कधी बदलायला लागला? तेव्हा रीडिंग किती होतं? त्यानंतर तू किती सोडलंस?’ विद्यार्थी झालेला सहकारी उत्तर देता देता स्वतःच म्हणतो, ‘अरे, मी तिथेच वेग कमी करायला हवा होता.’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, तर पुढचं टायट्रेशन तो वेगळं करतो. तिसऱ्या फेरीत विद्यार्थ्याला अधिक कठीण भूमिका देतो: त्याने शेजारच्याचं रीडिंग उतरवलं आहे. तेव्हा काय बोलाल, कोणत्या आवाजात बोलाल, इतरांसमोर बोलाल की बाजूला नेऊन? हे पुस्तकातून येत नाही. तोंडातून शब्द एकदा बाहेर पडावे लागतात, आणि ते पहिल्यांदा सहकाऱ्यांसमोर पडलेले बरे.

या सरावात सगळ्यांना जड जाते ती शांतता. मेरी बड रो या संशोधक बाईंनी शाळांमधल्या विज्ञानाच्या वर्गांचं रेकॉर्डिंग करून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा. जीव कासावीस होतो. म्हणून तेही आम्ही घड्याळ लावून करून घेतो.

दुसरा सराव पेपर तपासण्याचा. १९१३ मध्ये स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीचा एकच पेपर शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवला. गुण ३०च्या खालपासून ९०च्या वरपर्यंत आले, आणि विषय तर गणिताचा! आजही टीएंना एकच उत्तर वाटलं आणि गुण चिठ्ठीवर लिहायला सांगितले, की दहापैकी कुणी तीन देतो, कुणी आठ. दोघेही प्रामाणिक असतात. एकाने अंतिम उत्तर पाहिलेलं असतं, दुसऱ्याने रीत. म्हणून तपासणीआधी सगळ्या टीएंनी एकत्र बसून पाच-सहा उत्तरं तपासावीत, कुठल्या पायरीला किती गुण ते लिहून काढावं, आणि मगच गठ्ठे वाटून घ्यावेत. मॉडेल अॅन्सर हाती असलं तरी हे टळत नाही, कारण मुलं मॉडेल अॅन्सरसारखी चुकत नाहीत. गठ्ठा कुणाकडे गेला यावर मुलाचा ग्रेड ठरणं हा अन्याय आहे, आणि दोन तासांच्या बैठकीने तो बराचसा टळतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी उच्चारांबद्दल थोडं. अमेरिकेत अनेक राज्यांत १९८०च्या दशकापासून टीएला पुरेसं इंग्रजी आलं पाहिजे असे कायदे झाले, आणि आपल्या मुलांनाही बोलण्याची चाचणी द्यावी लागू शकते. वेग कमी करा, महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहा. त्याने खरोखर फरक पडतो. पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अमेरिकन व्यक्तीच्याच आवाजातलं व्याख्यान ऐकवलं; काहींना सोबत गोऱ्या बाईंचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईंचा. आवाज एकच होता, तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना व्याख्यान कमी समजलं. तेव्हा सेमिस्टरअखेरच्या अभिप्रायात कुणी ‘उच्चार कळत नाहीत’ असं लिहिलं, तर सगळा दोष स्वतःच्या जिभेवर घेऊ नका. ज्या विद्यापीठात फक्त परदेशी टीएंनाच सुधारायला बसवतात आणि ऐकणाऱ्यांशी काहीच बोलत नाहीत, तिथलं प्रशिक्षण मला अपुरं वाटतं.

आता इथलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या पीएच.डी. नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. त्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं कामही देता येतं. म्हणजे दार उघडलेलं आहे. पवईच्या आयआयटीत संगणक विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या वर्गात ‘आधी स्वतः विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर’ ही पद्धत वापरली गेली आणि तिचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं मोठ्या संख्येने त्यात गुंतलेली दिसली. हे आपल्याच वर्गांत होतं, आपल्याच मुलांवर होतं.

माझी भीती एवढीच, की नियमातलं प्रशिक्षण दोन दिवसांची भाषणं, चहा आणि प्रमाणपत्र यांत संपेल. तसं होऊ देऊ नका. विभागाकडे एक दुपार मागा. गेल्या वर्षीचे पेपर नावं झाकून काढा. चौथ्या आठवड्यात परत एकत्र या, कारण खरे प्रश्न तेव्हाच पडतात. त्याच सुमारास मुलांना निनावी चिठ्ठीवर विचारा: या तासात काय उपयोगी पडतं, कशाने अडतं? सेमिस्टर संपल्यावर विचारलं तर त्या मुलांना काहीच मिळत नाही. आणि गाइडना स्पष्ट सांगा की हे तास टीएच्या कामातच धरले जावेत. संशोधनाचा वेळ चोरून शिकवायला शिका असं मी कुणाला सांगणार नाही.

बोलण्यापेक्षा करून बघू. तुमच्या खुर्चीवर ठेवलेल्या पाकिटात एका विद्यार्थ्याचं उत्तर आहे. कप्पीचं गणित, दुसऱ्या पायरीवर चिन्ह चुकलंय, पुढची सगळी रीत त्या चुकीला धरून बरोबर आहे. दहापैकी गुण द्या, खाली एका ओळीत कारण लिहा, आणि शेजाऱ्याला दाखवू नका. पाच मिनिटं देतो.