बालकर्करोगानंतरचे आयुष्य आणि भोवतालची परिस्थिती

श्रोतेहो, नमस्कार. संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुले आज बरी होतात, परंतु उपचारांचे परिणाम शरीरात दीर्घकाळ टिकून राहतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांमुळे हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येऊ शकते, तर मेंदूला दिलेल्या किरणोपचारामुळे स्मरणशक्ती आणि शरीराची वाढ यांवर परिणाम होऊ शकतो. एकदा दिलेली मात्रा कोणालाही परत घेता येत नाही. बदलता येते ती भोवतालची परिस्थिती, आणि नेमकी तीच तपासणीत दुर्लक्षित राहते, असे माझे मत आहे.

उत्तर अमेरिकेत 1994 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी कर्करोग होऊन त्यातून वाचलेल्या हजारो व्यक्तींच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. त्यातून दिसले की, हृदयाला अपाय करणारी औषधे घेतलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब जडला, तर हृदय निकामी होण्याचा धोका या दोन कारणांच्या बेरजेपेक्षाही पुष्कळ अधिक वाढतो. आता रक्तदाब कशाने वाढतो, याचा विचार करा. अपुरी झोप, सततची आर्थिक विवंचना, स्वस्त पण खारट आहार, चालायला सुरक्षित जागा नसलेली वस्ती आणि पैशांअभावी पुढे ढकललेली तपासणी, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. वंचित वस्तीत राहणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचेही अशा अभ्यासांत आढळले आहे. अशा माणसाला नुसते ‘व्यायाम करा’ असे सांगणे म्हणजे सल्ल्याच्या नावाखाली त्यालाच दोष देणे होय.

छातीवर किरणोपचार झाले असतील, तर फुप्फुसांची क्षमता आधीच घटलेली असू शकते. मग धूर, धूळ आणि घरातल्या इतरांचे धूम्रपान अधिकच बाधते. शाळेचेही तसेच आहे. उपचारांत बुडालेला अभ्यास भरून निघाला नाही, किंवा कमी ऐकू येणारे मूल मागच्या बाकावरच राहिले, तर शिक्षण, नोकरी आणि त्यासोबत मिळणारा आरोग्यविमा, सगळेच हुकत जाते.

म्हणून पालकांनी कोणती औषधे, किती मात्रेत आणि किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागावर झाले, याचा लेखी सारांश रुग्णालयातून मागून घ्यावा आणि मूल मोठे झाल्यावर तो त्याच्या हाती सोपवावा. डॉक्टरांनीही रक्तदाब मोजताना घर, काम आणि कामाच्या जागेची हवा यांविषयी विचारून त्याची नोंद त्याच कागदावर करावी.