वाऱ्याचा आडोसा वेगळा, लाटेचा आडोसा वेगळा

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हवा बिघडलीये, रजा टाकून झालीये, सिलिंडर भरून ठेवलेत, आता किनाऱ्यावरून डायव्ह करायला कुठे जाऊ? आणि बहुतेक जण काय करतात तर वाऱ्याची दिशा बघतात, डोंगराच्या आडचा किनारा शोधतात आणि निघतात. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. ते चूक नाहीये, पण ते अर्धंच आहे, आणि आज मला उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचंय.

एकदा अशाच एका छोट्या खाडीत उतरलो होतो. वारा पाठीमागून, पाणी तेलासारखं सपाट, बडी, म्हणजे डायव्हमधला जोडीदार, म्हणाला स्विमिंग पूल आहे रे हा. पन्नास मिनिटांनी परत आलो तर ज्या खडकावरून उतरलो तो खडक दिसेचना, नुसता फेस. दोन मिनिटं सगळं शांत, मग लागोपाठ चार-पाच मोठ्या लाटा, परत शांत. फिन्स, म्हणजे पायातले पोहायचे पंखे, काढायला एका पायावर उभा राहिलो आणि पाण्याने असं काही ओढून घेतलं की गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलवटून निघालो. वारा तर अजूनही नव्हता! मग ह्या लाटा आल्या कुठून?

त्या आल्या होत्या लांबच्या वादळातून. वारा इथे आत्ता उठवतो ती लाट वेगळी आणि शेकडो किलोमीटर लांब तयार होऊन प्रवास करत येते ती वेगळी, तिला आपण स्वेल म्हणतो. फोरकास्टमध्ये लोक उंची बघतात, एक मीटर आहे ना, चला. पण उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, पिरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, तो बघा आधी. खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग गुणिले 1.56. म्हणजे 6 सेकंदांची लाट साधारण 56 मीटर लांब आणि 12 सेकंदांची जवळजवळ 225 मीटर. पिरियड दुप्पट, लांबी चौपट. आणि लाटेची हालचाल साधारण तिच्या निम्म्या लांबीइतकी खाली पोचते, म्हणजे पहिलीची 28 मीटरपर्यंत, दुसरीची 110 मीटरच्याही खाली. त्यामुळे दहा-पंधरा मीटरवर लांब स्वेल तुम्हाला सुकायला टाकलेल्या कपड्यासारखं पुढेमागे झुलवते, आणि वर बघावं तर पृष्ठभाग सपाट.

आता आडोशाचा मुद्दा. लाट उथळ पाण्यात आली की तळाला लागून मंदावते आणि किनाऱ्याच्या दिशेने वळते. जितका पिरियड लांब तितकी ती आधीच, खोलातच तळाला लागते, म्हणून भूशिराला वळसा घालून आत येते. 5-6 सेकंदांची वाऱ्याची लाट भूशिराच्या मागे फारशी पोचत नाही पण 13-14 सेकंदांची स्वेल पोचते, थोडी बारीक होऊन, पण पोचते. म्हणून नकाशा उघडला की मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो, वारा कुठून येतोय आणि स्वेल कुठून येतेय, फोरकास्टमध्ये दोन्ही कुठून येतायत तेच लिहिलेलं असतं हे लक्षात ठेवा. मग दोन्हींपासून आड असलेली जागा. अरुंद तोंडाची खाडी, समोर बेट किंवा उथळ रीफ (पाण्याखालचा खडकांचा पट्टा) असलेला किनारा, एकामागे एक दोन भूशिरं असलेली जागा, अशा जागा मला आवडतात.

बरं, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याबद्दल एक सांगतो, कारण ह्याच्यात जीव जातात. तसा वारा असला की किनाऱ्याजवळ पाणी मस्त दिसतं, पण शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलात की आडोसा संपतो आणि तोच वारा तुम्हाला आणखी बाहेर ढकलतो. पृष्ठभागावर पोहत परत यायचा प्लॅन अशा दिवशी करू नका, तळाला धरून या.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच सूट चढवायचा नाही. वीस मिनिटं बसा, घड्याळ लावून. लाटा गटाने येतात आणि मोठा गट यायला दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात, तुम्ही पाच मिनिटं बघितलंत तर तो तुम्हाला दिसणारच नाही. शिवाय फोरकास्टमधली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येणं अगदी नेहमीचं आहे. बसल्या जागेवरून खडक बघा, ओला पट्टा किती वर गेलाय, कारण तिथपर्यंत पाणी येऊन गेलंय. फेसामधनंच बाहेर जाणारा गढूळ, लाटा कमी फुटणारा पट्टा दिसला तर ती रिप, म्हणजे समुद्राकडे ओढणारा प्रवाह आहे, तिला सोपा रस्ता समजू नका.

आणि बघायचं ते बाहेर यायच्या दृष्टीने. उतरताना तुम्ही ताजे असता, लाटेमधली फट साधून उडी मारता येते, बाहेर येताना दमलेले, गारठलेले, अंगावर वजन. भरतीला जो खडक पायरीसारखा असतो तो ओहोटीला शेवाळलेली भिंत होतो. म्हणून मी एक्झिट आधी ठरवतो, दुसरी एक्झिटही चालून बघतो, आणि दोन्ही पटल्या नाहीत तर ती जागा रद्द.

एकांनी विचारलं, मग सरळ बंदराच्या धक्क्याआड का नाही? परवानगी असेल तर चालेल, पण बोटींची ये-जा असते, डायव्ह फ्लॅग (खाली डायव्हर आहे हे बोटींना सांगणारा झेंडा) आणि बॉय (पाण्यावर तरंगणारी खूण) लागणारच. खाडीच्या आत नदी-नाला मिळत असेल तर मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस मी जात नाही, गाळ आणि सांडपाणी दोन्ही तिथेच येऊन साठतं.

आणि आत असताना हवा फिरलीच तर? फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबा, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जॅकेट, फुगवा, मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं साधन) तोंडात, तो काढायचा नाही. मोठा गट जाऊ द्या, मग त्याच्या पाठोपाठ निघा, आणि उभं राहायची घाई न करता रांगत बाहेर या. ह्या थांबण्यासाठीच अशा दिवशी मी सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा राखून परत वळतो.