तारपकऱ्याचा दम

(दृश्य: कुंपणावर चढलेला वेल, त्याला लोंबणारे दुधी भोपळे)

तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, पण तो आधी शेतात पिकतो. पावसाच्या तोंडाशी बी टाकायचं, वेल कुंपणावर चढवायचा आणि चांगल्या घाटाचं एखादं फळ भाजीला न तोडता वेलावरच जून होऊ द्यायचं. वाळलं की आतला गर आणि बिया काढायच्या. एका टोकाला फुंकायला भोक, दुसऱ्या टोकाला बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बांबूच्याच पातळ जिभल्या. पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. सांधे बुजवायला पोळ्याचं मेण. सगळं सामान शेतातलं आणि रानातलं.

(दृश्य: रात्र, पाड्यावरचं मोकळं अंगण, नाच)

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर भात पिकू लागलं की तारपा बाहेर निघतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांत दिवाळीपर्यंत त्याचा काळ. मधोमध तारपा वाजवणारा तारपकरी, भोवती एकमेकांना धरून नाचणारी माणसं, आणि पुढे घोळकाठी आपटत ठेका धरणारा. चाल बदलली की पाय बदलतात. तोंडी कुणी काही सांगत नाही, सांगतो तो तारपाच. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा नेम.

आता तारपकऱ्याच्या गालांकडे नीट पाहा. ते फुगलेलेच राहतात. गालांत साठवलेली हवा तो नळीत ढकलतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेतो. म्हणून सूर तुटत नाही. सूर तुटला तर नाच थांबेल, आणि नाच तर तासन् तास चालतो. हे वहीत लिहून शिकता येत नाही. बापाशेजारी, काकाशेजारी उभं राहून गाल दुखेपर्यंत फुंकावं लागतं.

(दृश्य: भिंतीवरचं वारली चित्र, फेर धरलेल्या आकृती)

हा फेर तुम्ही पाहिलेला आहे. साडीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रात मधोमध वाकून उभा असतो तो हाच तारपकरी. चित्र घराघरांत पोचलं, पण त्यातला माणूस काय वाजवतो हे ऐकलेले लोक फार थोडे. याची आम्हाला खंत वाटते.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी लहानपणी तारपा हाती घेतला आणि नव्वदी ओलांडल्यावरही सोडला नाही. २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा एका पाड्यावरच्या वाद्याचं नाव देशभर घेतलं गेलं. हा मान फार आधी मिळायला हवा होता.

(दृश्य: वीटभट्टी, ट्रकमध्ये चढणारी कुटुंबं)

दिवाळी झाली की अनेक घरं वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईच्या कामांवर जातात, ती पावसापर्यंत परतत नाहीत. शिकायच्या वयाची पोरंही बरोबर जातात. लग्नांत तारप्याच्या चाली आजही वाजतात, पण कीबोर्डवर आणि डीजेच्या भिंतीतून. चाल जिवंत आहे याचा आनंदच आहे. मात्र कीबोर्डला दम लागत नाही आणि भोपळाही लागत नाही. सरकारी मंचावर तारप्याला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात नाचणाऱ्यांचे पायही जुळत नाहीत.

म्हणून तारप्याला सत्कारापेक्षा रात्र हवी, पूर्ण रात्र. तारपकऱ्याला त्या रात्रीची बिदागी हवी, म्हणजे त्याचा मुलगा भट्टीच्या हंगामातही गावी थांबू शकेल. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या आवारात दुधीचे चार वेल लावणं अवघड नाही. ज्याला वाजवायचं आहे त्याने आपला तारपा आपणच बनवावा, आणि शिकवायला पाड्यावरचा जाणता तारपकरी शाळेत यावा, मानधनावर, गुरुजी म्हणून.